फोटोमागची पेन्सिल

नमस्कार श्रोतेहो.

फोन हाताशी असेल तर एक करा. गॅलरी उघडा आणि बोटानं मागे मागे सरकत तीन वर्षांपूर्वीचा एखादा दिवस शोधा. वाढदिवस नको, सहल नको. असाच एखादा मंगळवार, ज्या दिवशी घरात काहीसुद्धा घडलं नव्हतं. तुम्ही शोधा, तोवर मी माझी फजिती सांगते.

चार वर्षांपूर्वी माझा फोन बादलीत पडला. मुलीला आंघोळ घालत होते. डोक्यावर साबणाच्या फेसाचं शिंग करून ती ऐटीत बसली होती. ते टिपावं म्हणून मी वाकले आणि ओल्या हातातून फोन निसटला तो थेट तळाशी. लगेच काढला, पदरानं पुसला आणि नेमकं जे करायचं नसतं ते केलं. चालू होतो का ते पाहिलं. नाही झाला, म्हणून चार्जिंगला लावला. आत पाणी असताना वीज खेळवली की फोनचा बोर्ड जळतो, गंजतो. त्या वेळी मी हात बांधून गप्प बसले असते, फोन बंद ठेवून नीट वाळू दिला असता, तर कदाचित वाचलाही असता.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलानं फोन दोन आठवडे ठेवून घेतला, मग म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला." मी म्हटलं, फोन गेला तर गेला, आतले फोटो तेवढे काढून द्या. ती चिप का काय असते, ती उपटून काढा हवी तर. तो हसला. तेव्हा मला ते हसणं झोंबलं होतं, पण तो चुकत नव्हता. हल्लीच्या फोनमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या दुसऱ्या एका भागात असते. चिप काढून दुसरीकडे लावली तरी हाती लागतो तो निव्वळ आकड्यांचा चिखल. चोराच्या हाती फोन पडला तर हेच कुलूप आपल्याला वाचवतं. बोर्ड जळाला तर तेच आपल्याला दाराबाहेर उभं करतं.

मुलीचं दुसरं वर्ष त्या बोर्डाबरोबर गेलं.

अगदी सगळं गेलं असं नाही. आईच्या फोनवर साठ-सत्तर फोटो सापडले, मी वेळोवेळी घरच्या ग्रुपवर टाकलेले. ते पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि आज बोलायला बसले ती त्यासाठीच. ग्रुपवर आपण टाकतो ते निवडक फोटो: नवा फ्रॉक, कॅमेऱ्याकडे बघून हसलेली मुलगी. वाचले ते तेवढेच. गेले ते कुणालाही न पाठवलेले. एका पायात मोजा आणि एक पाय उघडा, असं टेबलाखाली झोपलेलं पोर. मागे पसरलेलं घर, दोरीवर माझी जुनी ओढणी. मंगळवार गेले, श्रोतेहो. सणासुदीचं काय, ते कुणाकडे ना कुणाकडे असतंच.

तशी ही फोनवरच्या फोटोंची गोष्ट सुरू झाली ती एका बाळापासूनच. 11 जून 1997. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फिलिप कान नावाचा एक संगणकवाला प्रसूतिगृहात बायकोजवळ होता. त्या माणसाला स्वस्थ बसवेना. त्यानं आपला डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो तिथूनच दोन हजारांहून जास्त लोकांना पाठवून दिला. मोबाइलवरून असा सगळ्यांना गेलेला पहिला फोटो म्हणून याचंच नाव घेतात. बायकोचं त्या वेळी काय म्हणणं होतं, ते मला ऐकायला आवडलं असतं. त्याच्याही आधी, 1975 साली, कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागायचे. रोल छत्तीस फोटोंचा असायचा तेव्हा बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. आता विचार करायला लागतच नाही आणि काढलेले फोटो बघायला सवड होत नाही.

साधा हिशेब करा. दिवसाला वीस फोटो म्हणजे वर्षाला 7,300. लहान मूल असलेल्या घरात वीस म्हणजे काहीच नाही. नुसते पाच-पाच सेकंद पाहायचे म्हटले तरी सलग दहा तास बसावं लागेल. वर्षअखेरीला कोण बसतंय? म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. कुणाची वाट बघताना, रांगेत, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर, त्याच आठवड्यातले फोटो उघडते आणि एकसारख्या अकरांपैकी दहा काढून टाकते. कुठला ठेवायचा हे त्याच आठवड्यात कळतं. वर्षभरानं अकराच्या अकरा सारखेच प्रिय वाटायला लागतात.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, आमचं सगळं क्लाउडवर जातं, आम्हाला काळजी नाही. फोन बादलीत पडला तर खरंच नाही. पण फोन आणि क्लाउड जोडलेले असतात तेव्हा बहुतेक वेळा तो एकच आरसा असतो. फोनवरून पुसलं की तिकडूनही पुसलं जातं. लहान मुलाच्या हाती फोन द्या, ते दोन मिनिटांत दोनशे फोटो निवडून कचरापेटीत टाकेल, आणि बिचारा क्लाउड निमूटपणे तेच करेल. पेटीत ते महिना-दोन महिने राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर परत येतात. नाही आलं तर संपलं. म्हणून याला मी जपणूक म्हणत नाही. जपणूक म्हणजे अशी प्रत, जिच्यापर्यंत चुकून दाबलेलं बोट पोचत नाही.

फोटोग्राफर मंडळी तीन-दोन-एक असं म्हणतात. प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ऐकायला मोठं वाटतं, घरगुती रूप साधं आहे. एक प्रत फोनवर, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा बहिणीच्या कपाटात. आमच्याकडे बहिणीचं कपाट आहे. तिची डिस्क माझ्याकडे, माझी तिच्याकडे, आणि वर्षातून एकदा अदलाबदल. या निमित्तानं भेटही होते, नाहीतर आमचं "येते गं येते" वर्षानुवर्षं चालू असतं.

पेनड्राइव्हवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात फोटो असतात ते इवल्या इवल्या कप्प्यांत कोंडलेल्या विजेच्या रूपानं. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये तसाच पडून राहिला, त्यातून जागा उष्ण असली, तर ती वीज हळूहळू झिरपून जाते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तेव्हा तिला धक्का सोसत नाही. चालू असताना टेबलावरून पडली की पंचाईत. घरी लिहिलेल्या जुन्या सीडी असतील तर त्या आधी काढा, त्यांच्यातला रंग उडत जातो आणि हल्लीच्या लॅपटॉपला त्या वाचायची खाचही नसते. कुठलीच वस्तू कायमची नाही. पाच-सहा वर्षांनी घर बदलल्यासारखे फोटोही नव्या जागी हलवायचे, एवढं गृहीत धरा.

आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो. आईच्या फोनवरचे माझे साठ-सत्तर फोटो छापायला दिले, तर मुलीचे डोळे कापसासारखे आले. मूळचा हवा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. मग तो जशाच्या तसा जातो. फक्त एक लक्षात असू द्या, जशाच्या तसा म्हणजे त्याच्या पोटातल्या नोंदींसकट. तारीख, वेळ आणि जागेची परवानगी दिलेली असेल तर काढल्याची नेमकी जागासुद्धा. घरच्या माणसाला पाठवताना हे चांगलंच. अनोळखी माणसाला पोराच्या फोटोबरोबर घराचा पत्ता देणं बरं नाही.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. परवा मी तिचा दात पडलेला फोटो ग्रुपवर टाकला, तर म्हणाली, "मला विचारलं का?" नव्हतं विचारलं. आता विचारते. दहातल्या चारांना ती नाही म्हणते आणि खरं सांगू, ते चार माझे सगळ्यात आवडते असतात. ते पाठवत नाही. ठेवते मात्र.

आता कागदावरच्या फोटोंकडे येते. त्यांचा विषय मला जास्त जवळचा आहे.

आईच्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे. गेल्या वर्षी पाऊस लागला तेव्हा आम्ही दोघी तो घेऊन बसलो. काही फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये होते, ते प्लॅस्टिक ओढून चिकटवायचे अल्बम. त्यांचा गोंद वर्षानुवर्षं फोटो खातो. पिवळ्या रेघा उमटलेल्या असतात, फोटो ओढावा तर फाटतो. सुटत नसतील ते सोडवायच्या भानगडीत पडू नका, पानावर असतानाच वरून फोटो काढून घ्या. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद आणि फोन अगदी वरून समांतर. घरच्या घरी तेवढं पुरतं. फार जवळचे असतील ते तेवढे स्कॅन करा.

त्या डब्यात पायऱ्यांवर बसलेल्या सहा माणसांचा फोटो निघाला. काळा-पांढरा, कडा कातरल्यासारख्या. आईनं बोट ठेवत पाच नावं घेतली. सहाव्यावर बोट थांबलं. सडपातळ तरुण, एक हात माझ्या आजोबांच्या खांद्यावर, अगदी हक्कानं ठेवलेला. "हा… थांब हं." आईनं चष्मा पुसला. "हा कोण?" आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी चुटकीसरशी सांगितलं असतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांआधी हा डबा याच कपाटात होता, आजोबा त्याच खोलीत खुर्चीवर बसलेले असायचे, आणि आम्ही कुणी तो उघडला नाही.

फोटो मागे वळवून कोरडा, स्वच्छ, सपाट जागी ठेवावा आणि मऊ शिसपेन्सिलीनं, न दाबता, कडेला नावं लिहावीत. बॉलपेननं नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. तो फोटो पाकिटात घालायचा आणि लिहायचं पाकिटावर, आधी लिहायचं, मग फोटो आत. नाव नुसतं "काका" असं नको. माझा काका माझ्या मुलीचा काका नसतो, आणि तिच्या मुलीला तर काहीच कळणार नाही.

फोनमध्येही हे करता येतं. फोटो उघडून वर सरकवलं की खाली टीप लिहायची जागा येते. मी तिथे दोन ओळी लिहिते. फोन चेहरे ओळखतो हे खरं आहे, पण हा कुणाचा कोण, हे तो सांगत नाही.

एक अवघड विषय राहिला, तो पटकन सांगते. घरातल्या ज्या माणसाच्या खात्यात सगळे फोटो आहेत, ते माणूस गेलं तर? गूगलचं खातं सलग दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर ते फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. त्याच गूगलच्या सेटिंगमध्ये अशी सोय आहे की खातं काही महिने शांत राहिलं तर तुम्ही निवडलेल्या माणसाला कळवलं जातं आणि हवा तो मजकूर त्याला मिळतो. ॲपलमध्येही वारसदार म्हणून नाव देता येतं. जेवणाच्या टेबलावर हे बोलायला कुणालाच आवडत नाही. मी नवऱ्याशी गाडी चालवताना बोलले. समोर रस्ता असला की अवघड बोलणं सोपं जातं.

तर, तो सहावा माणूस. आईच्या भावाला, माझ्या मामाला, फोटो पाठवला. डॉक्युमेंट म्हणूनच. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज आला, चांगला चार मिनिटांचा. साल आईनं सांगितलं ते चूक आहे, हे त्यात आधी दीड मिनिट. मग पायऱ्या कुणाच्या घराच्या. मग तो तरुण. त्याला सायकल दुरुस्त करता यायची, तो संध्याकाळी यायचा आणि आजोबांशी बुद्धिबळात नेहमी हरायचा. मामाला त्याचं टोपणनाव आठवलं, खरं नाव नाही. आईनं ते टोपणनाव ऐकलं आणि "अगं बाई, तो होय!" म्हणून खुर्चीतून उठलीच.

साल अजून ठरलेलं नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीनं दोन्ही लिहिली आहेत, एक आईचं आणि एक मामाचं, आणि खाली ते टोपणनाव. मामाचा तो चार मिनिटांचा आवाज तिन्ही प्रतींमध्ये ठेवला आहे.

तुमचा मंगळवार सापडला का? नमस्कार.