दारापासून दारापर्यंत

दोन दिवस मी तुमच्या गृहवसाहतींच्या प्रकल्पांची मॉडेल्स पाहत होतो. मेहनत दिसते. फोम इतका नेटका कापलाय की हात लावून पाहावंसं वाटलं. पण जवळजवळ प्रत्येक टेबलाशी मी एकच प्रश्न विचारला आणि बहुतेक जण गप्प झाले. प्रश्न असा होता : या घरातून बाहेर पडलेली व्यक्ती शेजारच्या दारापर्यंत कशी पोचते, आणि वाटेत तिला कोण कोण दिसतं? आजचं बोलणं त्या गप्प होण्याबद्दल आहे.

तुमच्या शीट्सचा क्रम बघा. पहिल्या शीटवर कॉन्सेप्ट, म्हणजे एक वळण, एक घडी, एक सुरेख रेघ. तिसऱ्या-चौथ्या शीटवर एरिया स्टेटमेंट, म्हणजे क्षेत्रफळाचा तक्ता, त्यात एफएसआय (जागेच्या किती पट बांधकाम) बसला की नाही ते. आणि सगळ्यात शेवटी, रात्री दोन वाजता, संस्कृती : एक जाळी, एक कमान, भिंतीला मातकट रंग. आकार, घनता आणि संस्कृती हे तीन वेगवेगळ्या दिवशी उरकायचे विषय आहेत अशी समजूत त्या क्रमातून दिसते. ती मला मोडून काढायची आहे, आणि त्यासाठी आधी थोडा हिशेब करावा लागेल. वही काढा.

शंभर मीटर बाय शंभर मीटरची जागा घ्या, म्हणजे एक हेक्टर. तिच्या कडेकडेने दहा मीटर खोलीची इमारत फिरवा. मधला चौक ऐंशी बाय ऐंशीचा उरतो. म्हणजे इमारतीखाली गेली ३,६०० चौरस मीटर जागा, आणि तीन मजले चढवले की एकूण बांधकाम झालं १०,८०० चौरस मीटर. आता ही इमारत पुसून टाका आणि जागेच्या मधोमध वीस बाय वीसचा मनोरा उभा करा. त्याचा एक मजला ४०० चौरस मीटरचा. तेवढंच बांधकाम हवं असेल तर मजले किती लागतील? सत्तावीस. जिने-लिफ्ट क्षणभर बाजूला ठेवून घर शंभर चौरस मीटरचं धरलं, तर दोन्हीकडे घरं १०८. एफएसआय तोच, घरं तेवढीच, पण एकीकडे तीन मजले आणि दुसरीकडे सत्तावीस.

हा शोध माझा नाही. केंब्रिज विद्यापीठात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या वास्तुकलेच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात याचं गणित पद्धतशीर मांडलं. तरीही आजसुद्धा ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, कुणीतरी म्हणतंच, ‘सर, घनता जास्त होती म्हणून टॉवर घेतला.’ घनतेने टॉवर मागितलेला नसतो. तो तुम्ही निवडलेला असतो, आणि निवडला असेल तर त्याची कारणं तुमच्याजवळ हवीत. मनोऱ्याभोवती बरीच जमीन मोकळी राहते. वारा, दूरवरचं दृश्य, खाली झाडं, ही खरी कारणं आहेत. ती सांगा. आकड्याच्या आड लपू नका.

आणखी एक. एफएसआय माणसं मोजत नाही, फरशी मोजतो. त्याच १०,८०० चौरस मीटरमध्ये तीस-तीस चौरस मीटरची घरं काढली तर ३६० कुटुंबं राहतील. जिन्यावरची वर्दळ, पाण्याची टाकी, संध्याकाळचा आवाज, सगळं तिपटीच्या वर जाईल, आणि एफएसआयचा आकडा मात्र हलणार नाही. म्हणून शीटवर फक्त एफएसआय लिहिलेला दिसला की मला काहीच कळत नाही. हेक्टरी किती घरं आणि किती माणसं, तेही लिहा.

इथे एक फोटो दर वर्षी येतो, हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीचा. जेमतेम २.६ हेक्टरमध्ये सुमारे ३३,००० माणसं राहत होती. १९९३-९४ मध्ये ती वस्ती पाडली. त्या दर्शनी भागाची मोहिनी मी समजू शकतो. पण खालच्या गल्ल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे आणि डोक्यावरच्या पाइपांतून पाणी ठिबके. मुलं खेळायला गच्चीवर जात, कारण उजेड तिथेच होता. फोटो लावायचाच असेल तर गच्चीवरचा लावा आणि तिथपर्यंतचा जिना काढून दाखवा.

आता परत आपल्या ऐंशी मीटरच्या चौकाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. समोरच्या खिडकीतलं माणूस ऐंशी मीटरवरून दिसतं, पण ते हसतंय की रागावलंय ते कळत नाही. चेहऱ्यावरचे भाव वाचायला साधारण वीस-पंचवीस मीटरच्या आत यावं लागतं. तेव्हा तुमचा चौक हे एक मैदान आहे. मैदान वाईट नसतं, पण ‘इथे शेजार फुलेल’ असं त्यावर लिहिणं खरं नाही.

याच्या शेजारी वास्तुकार चार्ल्स कोरियांची बेलापूरची वसाहत ठेवून बघा. नवी मुंबई, १९८३ ते ८६. सुमारे साडेपाच हेक्टरमध्ये साधारण ५५० कुटुंबं, म्हणजे हेक्टरी शंभराच्या आसपास. आपल्या मनोऱ्याइतकीच ढोबळ घनता झाली की नाही? आणि ही सगळी घरं बैठी, फार तर वर एक मजला. सात घरं आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा बाय बाराची जागा. अशा एकवीस-एकवीसच्या तीन गटांमध्ये त्याहून मोठी. आठ मीटरवर माणसाच्या भुवया दिसतात. बारावर हाक ऐकू येते. ही मापं प्लॅनमध्ये छान दिसतात म्हणून घेतलेली नाहीत, ती ओळखीच्या पायऱ्या आहेत. शिवाय प्रत्येक घर सुटं, भिंत सामायिक नाही, म्हणून ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. पुढे लोकांनी ती भरपूर वाढवली, कित्येकांनी पाडून नवी बांधली. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. घर बदलेल हे गृहीत धरूनच ती आखणी केलेली होती.

म्हणजे जवळपास एकाच घनतेचे तीन आकार झाले : मनोरा, कडेची इमारत, अंगणांची गुंफण. यातला कुठला घ्यायचा हे गणित सांगत नाही. तिथल्या लोकांना किती अंतरावरून एकमेकांना पाहिलेलं चालतं, हे कळल्याशिवाय ठरवता येत नाही. संस्कृती आत येते ती इथून. आठ मीटरचं अंगण कुणाला मायेचं वाटेल आणि कुणाला सतत पहारा असल्यासारखं वाटेल. बाहेर पडताना कुणाला दिसावं लागू नये, एवढंच हवं असलेली माणसंही असतात, आणि त्यांचीही एक संस्कृती आहे.

संस्कृती आकारातून आणायला गेलं की काय होतं, हे इजिप्तमधल्या न्यू गुर्नावरून दिसतं. तिथला वास्तुकार हसन फथी हा मोठा माणूस, आणि मी त्याच्याबद्दल आदरानेच बोलतो. लक्सरजवळ प्राचीन थडग्यांच्या परिसरात वसलेलं गाव हलवायचं होतं. १९४५ च्या सुमारास त्याने नवं गाव बांधायला घेतलं. कच्च्या विटा, लाकडी आधाराशिवाय चढवलेल्या कमानी छतांची नूबियन पद्धत, नात्यातल्या कुटुंबांसाठी चौक, सगळं मन लावून केलं होतं. तरी लोक यायला तयार होईनात, आणि गाव अर्धवटच राहिलं. एक तर त्या भागात घुमट म्हटला की थडगं आठवे. पण मोठं कारण दुसरं होतं : त्यांचं पोट जुन्या जागेशी, त्या थडग्यांशी आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांशी बांधलेलं होतं. घर आणि कमाई यांच्यामधलं अंतर कुठल्याही घुमटापेक्षा भारी ठरलं. तुमच्यापैकी किती जणांनी साइट अॅनालिसिसमध्ये हे अंतर मोजलंय?

विद्यार्थ्याच्या कामातून काय होऊ शकतं याबद्दल वास्तुकार मोशे सफदींचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातला त्यांचा प्रबंध १९६१ चा, आणि त्यातून १९६७ मध्ये माँट्रियलला हॅबिटॅट ६७ हा गृहप्रकल्प उभा राहिला. काँक्रीटचे ३५४ डबे, १५८ घरं, एकाचं छत ही दुसऱ्याची बाग. त्याची चित्रं तुम्ही सगळे चिकटवता. पण मूळ बेत बराच मोठा होता. संख्या घटली आणि कारखान्यात घरं ओतण्यातून जी बचत व्हायची ती झाली नाही. आकाराला संख्येची गरज होती. हेही त्याच चित्रात वाचा.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिच्या प्रकल्पात ९६ घरं होती आणि सगळीकडे दारांपुढून जाणारी सव्वा मीटर रुंद गॅलरी. मी तिला एका जुन्या इमारतीत जाऊन, परवानगी घेऊन, जिन्यात बसायला सांगितलं. ती दोन संध्याकाळी बसली आणि कोण कुठे थांबतं ते नोंदवून आणलं. लोक दारात थांबत नव्हते. जिथे जिना वळतो आणि खिडकीतून उजेड येतो, तिथे थांबत होते. तिने दारं समोरासमोरून थोडी सरकवली, दर दोन दारांपुढे गॅलरी दोन मीटरच्या वर रुंद केली. सहा घरं गेली. पुढच्या ज्यूरीत त्यावरून तिला बोलणी खावी लागली, आणि ती बोलणी योग्यच होती, कारण सहा घरं म्हणजे सहा कुटुंबं. मग ती पुन्हा प्लॅनकडे वळली. कडेच्या इमारतीत आतल्या कोपऱ्यांना उजेड कमी मिळतो, तिथली खोली नेहमी रडकीच होते. तिने जिने तिथे नेले आणि चौकाकडची उजेडाची भिंत घरांसाठी मोकळी केली. सहापैकी चार घरं परत आली. तिचा शेवटचा आकार फोटोत फार देखणा नव्हता. पण कुठल्याही मजल्यावर बोट ठेवा, तिथे कोण उभं राहील हे ती सांगू शकत होती.

तेव्हा उद्या मॉडेल आणू नका. एक सेक्शन आणा, म्हणजे इमारतीचा उभा छेद, एकास पन्नास प्रमाणाचा, पेन्सिलीने काढलेला. त्यात दोन दारं हवीत, दोन वेगळ्या कुटुंबांची. मधली जागा, तिची रुंदी आणि उंची, उजेड कुठून येतो ते, आणि संध्याकाळी सात वाजता तिथे असलेली माणसं, उभी की बसलेली, सगळं काढा. दारं उघडी असतील तर आत कुठपर्यंत दिसतं, ती नजरेची रेघही ओढा. साडेनऊला सुरू करू.