गल्ल्याचा हिशोब

सज्जनहो,

नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीत आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी बसले असतील. १९०४ ते १९०७ या काळात तो लोहमार्ग बांधणारे अब्दुल हुसेन हे मुंबईचे नामवंत व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव. हे घराणे दाऊदी बोहरा जमातीचे, धर्मनिष्ठ आणि दानधर्मासाठी साऱ्या मुंबईला ठाऊक असलेले. याच पीरभॉय घराण्यातील मंडळी १९१७ साली आपल्या जमातीच्या सर्वोच्च धर्मगुरूंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात उभी राहिली, आणि त्या वादाच्या मुळाशी होती एक दानपेटी.

मुंबईत सेठ चंदाभाई नावाच्या एका सत्पुरुषाची कबर आहे. तिथे येणारा भाविक नवस बोलतो, फेडतो आणि गल्ल्यात पैसे टाकतो. त्या गल्ल्याच्या नावानेच हा दावा 'चंदाभाई गल्ला खटला' म्हणून ओळखला जातो. धर्मादाय निधीविषयीचे दावे त्या काळी महाधिवक्त्यांच्या नावाने चालत, तसाच हाही चालला. दावा करणाऱ्यांचे म्हणणे साधे होते. भाविकांनी श्रद्धेने दिलेला हा पैसा सार्वजनिक धर्मकार्याचा आहे, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून त्याचा हिशोब असला पाहिजे. यात धर्मतत्त्वाला कुठेही हात लावलेला नव्हता, हे आजच्या व्याख्यानभर आपण ध्यानात ठेवावे अशी माझी विनंती आहे.

या मागणीचे वजन कळण्यासाठी जमातीची घडण थोडी समजून घ्यावी लागेल. दाऊदी बोहरा हे शिया पंथातील इस्माइली तय्यिबी शाखेचे. एकविसावे इमाम तय्यिब हे अज्ञातवासात गेले असून त्यांच्या वतीने जमातीचा कारभार 'दाई अल-मुतलक' पाहतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. दाईंचे पीठ आधी येमेनमध्ये होते, सोळाव्या शतकात ते हिंदुस्थानात आले आणि आज ते मुंबईत आहे. वयात येणारा प्रत्येक बोहरा मुलगा आणि मुलगी 'मिसाक' घेते, म्हणजे इमामांशी आणि त्यांच्या वतीने दाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेते. गावोगावच्या जमातीवर दाईंनी नेमलेला आमिल असतो. लग्न, दफन आणि इतर धर्मविधी यांना दाईंची 'रझा', म्हणजे परवानगी लागते.

पुष्कळ बोहरा कुटुंबांना ही रचना जाचक वाटत नाही. त्यांना ती आधाराची वाटते, आणि त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे. व्यापारात सचोटीची, शिक्षणात पुढे असलेली, आपल्या गरीब बांधवाला उघड्यावर न सोडणारी अशी ही जमात आहे. मला जो प्रश्न छळतो तो श्रद्धेचा नाही. शपथ, परवानगी, पैसा आणि शिक्षा हे चारही अधिकार एकाच हाती एकवटले, तर त्या हाताला जाब विचारायचा कोणी आणि कुठे?

चंदाभाई गल्ला खटल्यात दाई होते ५१ वे दाई, सय्यदना ताहेर सैफुद्दीन. १९१५ साली ते गादीवर आले होते. त्यांच्या बाजूने असे मांडण्यात आले की दाई इमामांचे प्रतिनिधी आहेत आणि अर्पण झालेले धन त्यांच्याच अधिकारातले आहे. न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ साली निकाल दिला. त्यांनी दाईंचे धार्मिक स्थान मान्य केले, त्यांना विश्वस्तपदावरून दूर केले नाही, परंतु गल्ल्यातील धन हे धर्मादाय निधीचे आहे आणि दाई त्याचे मालक नसून विश्वस्त आहेत असे ठरवले. विश्वस्त म्हटला की हिशोब आला. मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको, कारण आपल्याकडे देवस्थानच्या पंचाने जत्रेचा जमाखर्च गावापुढे वाचून दाखवायचा असतो ही अपेक्षा अगदी लहान गावातही असते.

न्यायालयाच्या कागदावर ही जीत झाली. जमातीच्या आत मात्र हिशोब मागणाऱ्यांच्या वाट्याला पुढची कित्येक दशके वेगळेच आले, आणि त्याला बोहरा समाजात 'बरात' म्हणतात. हा शब्द लग्नाच्या वरातीचा नव्हे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संबंध तोडणे असा आहे. आपल्या भाषेत वाळीत टाकणे. पेशवाईपासून आपण त्याला 'ग्रामण्य' म्हणत आलो आहोत. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून उठलेले वादळ आपल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या प्रकरणात न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या मोठ्या माणसालाही अखेरीस प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि ते त्यांनी आपल्या माणसांना होणारा त्रास पाहून घेतले. तेव्हा बहिष्काराचे हत्यार कोण्या एका धर्माच्या शस्त्रागारातले आहे असे समजण्याचे कारण नाही.

या हत्याराची धार कुठे असते? वाळीत टाकलेल्या माणसावर कोणी हात उगारत नाही. त्याला मशिदीत आणि जमातखान्यात येऊ देत नाहीत, त्याच्या दुकानाची पायरी जमातीतले गिऱ्हाईक चढत नाही, त्याच्या मुलीचे जुळलेले लग्न मोडते. रझा नसली की निकाह लावायला कोणी येत नाही, आणि घरात मृत्यू झाला तर जमातीच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही. सगळ्यांत वाईट असे की शिक्षा एकट्याला होत नाही. त्याच्याशी जो बोलेल, त्याच्याकडे जो जेवेल, तोही त्याच शिक्षेला पात्र ठरतो. म्हणून आई मुलाच्या घरी जायची थांबते, भाऊ भावाला रस्त्यात ओळख दाखवत नाही. हुकूम वरून सुटतो, पण त्याची अंमलबजावणी घरातल्याच माणसांना करावी लागते. मी वकिली करताना वेगवेगळ्या जातींतली बहिष्कृत कुटुंबे जवळून पाहिली आहेत. धंदा बुडाल्याचे दुःख ती सांगू शकतात. सख्ख्या बहिणीने दार लावून घेतल्याचे सांगताना त्यांचा आवाज राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने, बाळासाहेब खेर सरकारचे प्रमुख असताना, १९४९ चा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही जमातीने आपल्या सभासदाला बहिष्कृत करून त्याचे हक्क हिरावून घेणे त्या कायद्याने बेकायदा आणि शिक्षापात्र ठरले. तय्यबभाई मूसाजी कोईचा यांना १९३४ आणि १९४८ अशा दोन हुकमांनी जमातीबाहेर काढण्यात आले होते. त्यांनी न्यायालयात धाव घेतली. कायदा घटनेला धरून आहे, असे मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने १९५२ साली सांगितले. त्यानंतर सय्यदनांनी स्वतः सर्वोच्च न्यायालयात त्या कायद्याला आव्हान दिले.

९ जानेवारी १९६२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. बहुमताचा युक्तिवाद असा की घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक पंथाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला आहे, धार्मिक कारणावरून सभासदाला काढून टाकणे हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे, आणि हा अधिकार काढून घेतला तर पंथाला आपले ऐक्य टिकवता येणार नाही. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. ज्याने पंथाची श्रद्धाच नाकारली त्याला आपल्यात ठेवण्याची सक्ती सरकारने करावी, असे मीही म्हणणार नाही. परंतु ज्याने श्रद्धा नाकारली त्याची आणि ज्याने जमाखर्च विचारला त्याची शिक्षा एकच असावी काय, आणि दोघांतला फरक ठरवणारा तोच असावा काय ज्याच्याकडे जमाखर्च मागितला आहे? या प्रश्नाचे समाधान मला बहुमताच्या निकालात सापडत नाही. एकटे मुख्य न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी वेगळे मत नोंदवले. बहिष्कृत माणसाची स्थिती आपल्याच समाजात अस्पृश्यासारखी होते, आणि त्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेला कायदा घटनेच्या हेतूला धरूनच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. साठ वर्षे उलटली, तरी त्या निकालातले हेच मत मला वाचनीय वाटते, कारण त्यात ज्याच्यावर बहिष्कार पडतो तो माणूस दिसतो.

यानंतर चळवळीचे केंद्र मुंबईतून उदयपूरला गेले. १९७० च्या नगरपालिका निवडणुकीत तिथल्या बोहरा तरुणांनी धर्मगुरूंच्या पसंतीची वाट न पाहता आपले उमेदवार उभे केले आणि निवडून आणले. मत कोणाला द्यावे हा काही धर्मविधी नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यातून वाद वाढत गेला आणि शहरातली शेकडो कुटुंबे बहिष्कारात सापडली. उदयपूरच्या स्त्रियांनी या लढ्यात जे सोसले त्याला तोड नाही, कारण माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला अशी फाळणी त्यांच्याच संसारातून गेली.

उदयपूरच्या या लोकांना मुंबईतून आवाज दिला तो असगर अली इंजिनियर यांनी. जन्म १९३९ सालचा, राजस्थानातील सलुंबरचा. वडील स्वतः आमिल, म्हणजे घरातच धर्मसत्तेचा अनुभव. मुंबई महानगरपालिकेत त्यांनी अनेक वर्षे अभियंता म्हणून नोकरी केली. इस्लामी धर्मशास्त्र त्यांनी लहानपणापासून वडिलांकडे शिकले होते, आणि सुधारणेची बाजू ते त्याच शास्त्राच्या आधाराने मांडत. त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. २००० साली त्यांच्या मुंबईतल्या घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली. २०१३ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी एक गोष्ट सोडली नाही: आपण बोहरा आहोत, दाईंचे धार्मिक स्थान आपल्याला मान्य आहे, आपल्याला हवी ती पैशाच्या आणि ऐहिक कारभाराच्या बाबतीत उत्तरदायी व्यवस्था.

या सुधारकांना 'पंथ सोडून गेलेले' म्हणण्याची रीत आहे, आणि ती मला चुकीची वाटते. ते गेले नाहीत. त्यांना काढण्यात आले. बाहेर पडणे सोपे असते असे मी म्हणत नाही, पण बाहेर पडणाऱ्याला निदान आपला मार्ग निवडता येतो. यांनी मार्ग निवडला होता तो आत राहून विचारण्याचा, आणि तो त्यांच्याकडून हिसकावला गेला.

जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' या संस्थेने आणीबाणीनंतर न्यायमूर्ती नाथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९७९ च्या अहवालात आयोगाने म्हटले की सुधारक बोहरांच्या नागरी हक्कांवर मोठ्या प्रमाणावर घाला पडत आहे आणि बरात हे त्याचे मुख्य साधन आहे. आयोग सरकारी नव्हता, त्यामुळे कोणाला हजर राहण्याची सक्ती करण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती. मला त्या अहवालाचे मोल वाटते ते यासाठी, की दिवाणखान्यात दबक्या आवाजात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी त्यात पहिल्यांदाच नोंदीच्या रूपाने एकत्र आल्या.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. म्हणजे अर्ज केला तेव्हा जन्मलेले मूल तोवर सदतीस वर्षांचे झाले होते. दरम्यान महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि इतर कार्यकर्त्यांनी चालवलेल्या लढ्याचे ते फळ. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा हा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. जन्माने, धर्मांतराने किंवा धर्मविधीने बांधलेला कोणताही समूह त्याच्या कक्षेत येतो, आणि लग्न व अंत्यविधी यांत अडथळा आणणे हाही गुन्हा आहे.

कायदा चांगला आहे. तो चालवताना अडचण येते ती पुराव्याची. बहिष्काराचा हुकूम आता कोणी कागदावर लिहीत नाही. तो कानातून कानात जातो, आणि तो ज्यांच्या कानात गेला ते सगळे त्याच जमातीतले असतात. साक्ष द्यायची तर त्यांनीच, आणि साक्ष दिली की उद्या पाळी त्यांची.

ही अडचण मुंबईला नवी नाही. पुष्टिमार्गी वैष्णव करसनदास मुळजी यांनी १८६० साली आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात स्वपंथातील महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला, आणि १८६१ साली जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवले की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, देईल तो जातीबाहेर. करसनदासांनी मुख्य खटल्याची वाट पाहिली नाही. साक्षीदारांना अडवण्याचा कट केला म्हणून त्यांनी त्या पुढाऱ्यांवरच आधी फिर्याद केली, आणि न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला. १८६२ च्या जानेवारीत मुख्य खटला उभा राहिला तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला आले, आणि जातीचा रोष पत्करून लखमीदास खिमजींसारखे भाटिया व्यापारीही साक्षीच्या पिंजऱ्यात चढले.