ही कोण?

हे जे लॉकेट आता तुम्हाला स्क्रीनवर अगदी जवळून दिसतंय ना, ते एका अँटिक शॉपमधल्या ट्रेमध्ये पडलं होतं, सोबत बंद पडलेली तीन घड्याळं, सुटी बटणं, आणि एक चावी जिचं कुलूप कधीच कुठेतरी हरवलंय. उघडलं, वाटलं आत फोटो असेल, पण फोटो नाही, केस आहेत. बारीक वेणी घालून गोल बसवलेले, तपकिरी, अजून चमकतायत.

केस सहजासहजी कुजत नाहीत, म्हणून तर १९ व्या शतकात युरोप-अमेरिकेत लोक आठवण म्हणून ते लॉकेटमध्ये, अंगठीत, ब्रोचमध्ये ठेवायचे. गेलेल्या माणसाचे ठेवायचे तसे जिवंत माणसाचेही ठेवायचे, त्यामुळे हे बघून लगेच डोळ्यात पाणी आणायची घाई नको, कदाचित हे केस ज्याचे ते माणूस चांगलं ठणठणीत होतं, फक्त लांब कुठेतरी राहायचं.

मागचा जन्म माणसाला असतो की नाही मला माहीत नाही, पण वस्तूंना असतो, आणि एक नाही, तीन-चार असतात. प्रॉब्लेम एवढाच की त्या बोलत नाहीत. दुकानदार बोलतात, "ही कुठल्यातरी राणीची" वगैरे, ते मी एका कानाने ऐकतो. झीज मात्र खोटं बोलत नाही. जुना चमचा बघा, बऱ्याचदा एकाच बाजूची कड घासलेली असते, कारण वापरणारा हात रोज त्याच बाजूने भांड्याचा तळ खरवडायचा, आणि कड कुठली झिजलीय त्यावरून तो हात उजवा की डावा याचा अंदाज येतो. शिवताना बोटात घालायचं धातूचं टोपण असतं, त्यालाही कधीकधी एका जागी सुईने पार भोक पडलेलं असतं. म्हणजे नाव गेलं, चेहरा गेला, आवाज गेला, आणि राहिलं काय तर सवय!

खिशातल्या घड्याळाचं मागचं झाकण आतून बघायला मिळालं तर नक्की बघा. तिथे बऱ्याचदा सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे, अक्षरं असतात, दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या माहितीसाठी केलेली खूण. अशा चार-पाच खुणा दिसल्या की कळतं, कुणीतरी हे घड्याळ चार-पाच वेळा फेकून न देता रिपेअरला नेलंय. एवढा जीव कशात होता त्याचा, घड्याळात की ते ज्याने दिलं त्याच्यात, ते काही झाकणावर लिहिलेलं नसतं.

लंडनला फाउंडलिंग हॉस्पिटल होतं, तिथे १७४१ पासून बाळं घ्यायला लागले, ज्या आयांना सांभाळणं शक्य नव्हतं त्यांची. आई बाळासोबत काहीतरी खूण ठेवून जायची, नाणं, बटण, रिबीन, एक तर चक्क हेझलनटचं टरफल. म्हणजे उद्या परिस्थिती सुधारली आणि ती परत आली तर आपलं मूल कुठलं ते सांगता यावं. त्या खुणा बाळांच्या नोंदींसोबत जपून ठेवलेल्या होत्या, आणि मग १८६० च्या दशकात प्रदर्शनात मांडायच्या म्हणून काढल्या, आणि कुठली खूण कुठल्या बाळाची हेच तुटलं. नंतर अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं चाळून काहींची जोडी परत जुळवली. बाकीच्या अजून नुसत्या वस्तू आहेत, सुंदर आहेत म्हणतात लोक, असतील.

आणि आता हा गठ्ठा. फोटो. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर बरेच छोटे फोटो काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो, स्वस्त पडायला लागले, मग काय, अल्बमच्या अल्बम भरले लोकांनी. यांच्या मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव बऱ्याचदा छापलेलं असतं, नक्षीसकट. कॅमेऱ्यामागे होता त्याचं नाव आहे, समोर बसला होता त्याचं नाही.

आधी मला राग यायचा, अरे दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं. मग घरातला जुना अल्बम काढला तर आमच्याही फोटोंवर कुठे काय लिहिलंय, आणि फोनमधल्या हजारो फोटोंवर तर विचारूच नका. कोण लिहिणार? आपल्याच माणसाच्या फोटोवर नाव कशाला लिहायचं, घरात सगळ्यांना माहीत असतंच की. आणि ते सगळे एकेक करून जातात.

हा शेवटचा फोटो बघा, खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर हात, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. उलटा केला तर मागे पेन्सिलीने लिहिलंय, "ही कोण?" आणि त्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात, "आईला विचार."

त्याच्या खाली काही नाही.