पिशवीचा कोपरा

(एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'पर्यावरणप्रेमी' म्हटलं. आमच्या घरी सांगू नका, हसतील. मी ३४ वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत खोकी केली. औषधांची, बिस्किटांची, पंख्यांची. तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय. तुमच्या दाराशी जो ढीग साठतो त्यात माझाही हातभार आहे. तेव्हा आरोपीच साक्षीला उभा राहिलाय असं समजून ऐका.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'वेष्टनांची विल्हेवाट : खत आणि पुनर्वापर'. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली दहा दीपप्रज्वलनात आणि सत्कारात गेली. या सत्काराच्या गुच्छाकडे मी शेवटी येणार आहे, त्याला कोणी हलवू नका.

येताना खिशात दुधाची पिशवी आणली आहे. धुतलेली आहे, पहिल्या रांगेनं घाबरू नये. आणि ही कात्री. आपण रोज सकाळी काय करतो? पिशवीचा कोपरा धरतो, खट्ट. हा बघा, पडला. एवढासा त्रिकोण, नखाएवढा. कुणाच्या ओट्यावर राहतो, कुणाच्या सिंकमध्ये जातो, कुणाच्या खरकट्याबरोबर ओल्या कचऱ्यात. आमच्या सोसायटीत ११२ फ्लॅट. घरटी दोन पिशव्या धरा. दिवसाला २२४ त्रिकोण, वर्षाला ८१,७६०. एकट्या आमच्या सोसायटीचे, बरं का. मी हा हिशेब वार्षिक सभेत मांडला तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, पाण्याच्या टँकरचा विषय आधी घेऊ या का?"

आता म्हणाल, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी मला एका वाक्यात समजावलं होतं, "काका, पिशवीला भाव आहे, कोपऱ्याला नाही." कारण वेचायचं ते बोटांनी. अख्खी पिशवी उचलता येते, झटकता येते, गठ्ठ्यात बांधता येते. नखाएवढा तुकडा कोण उचलणार? खरकट्यातून तो खतात येतो आणि मग तुमच्या कुंडीतल्या तुळशीच्या बुडाशी दिसतो. प्लास्टिक तेच, पिशवीही तीच. अर्धा सेंटीमीटर कमी कापलं असतं तर तो कोपरा पिशवीला लटकून राहिला असता. असा. बघा, दुसरा कोपरा कापतो. चीर दिली, तुकडा सोडला नाही. दूध तसंच पडतं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं की धार वाकडी येते. येते थोडी.

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे. कुठल्याही वेष्टनाचं पुढे काय होणार ते आपण ते फोडतो त्या क्षणीच ठरवून टाकतो. बादल्या हिरव्या की निळ्या ही नंतरची गोष्ट.

पूर्वी फोडणं नव्हतंच, सोडणं होतं. आठवतंय का? वाण्याच्या दुकानात छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं. तो पुडी बांधायचा, दोऱ्याचे दोन वेढे, एक झटका, की दोरा तुटला. घरी आई गाठ सोडायची, दोरा गुंडाळून डब्यात, कागद हातानं सपाट करून गादीखाली. उगाच रम्य करून सांगत नाही हं. पावसाळ्यात तीच साखर ओलावून कागदाला चिकटायची आणि आम्ही तो कागद चाटायचो, शाईसकट. पॅकिंगनं पुष्कळ अन्न वाचवलं. हे पोटापाण्यासाठी बोलत नाही, मी आता रिटायर झालोय.

आता चमच्यांची गोष्ट. काहींनी ऐकली असेल, त्यांनी शेजाऱ्याला शेवट सांगू नये.

धाकट्या मुलीचा साखरपुडा सोसायटीच्या गच्चीवर केला. मी हट्ट धरला, काहीही प्लास्टिकचं नको. उसाच्या चोथ्याच्या ताटल्या आणल्या आणि त्यांच्याबरोबर पांढरे, गुळगुळीत, पाकिटावर हिरवं पान छापलेले 'कंपोस्टेबल' चमचे. व्याह्यांना मी चमचा हातात घेऊन दोन मिनिटं माहिती दिली, बासुंदी थांबवून. जेवणं झाल्यावर ताटल्या, चमचे, सगळं सोसायटीच्या खताच्या हौदात. माळीमामा म्हणाले, "साहेब, हे कुजायचं न्हाई." मी त्यांना पाकिटावरचं हिरवं पान दाखवलं.

तीन महिन्यांनी हौद उपसला. ताटल्यांचा मागमूस नव्हता, काळंभोर खत झालं होतं. चमचे मात्र जसेच्या तसे! जरा चहाच्या रंगाचे झालेले, एवढंच. मामांनी ते वेचले, धुतले आणि पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला अडकवून गेले. १४० चमचे, मोजून. आमच्या घरून प्रतिक्रिया आली, "असू देत, बारशाला होतील."

मग मी नाद सोडला नाही. ते चमचे बहुधा पीएलएचे, म्हणजे मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनवलेलं प्लास्टिक. ते कुजतं, खोटं नाही. पण त्याला साधारण ५८ ते ६० अंश उष्णता लागते आणि ती आठवडेच्या आठवडे टिकावी लागते. अशी उष्णता खताच्या मोठ्या कारखान्यात मिळते. मी आमच्या हौदात थर्मामीटर खुपसला होता (केकचा, घरच्यांना न विचारता), काटा ४१ वर थांबला. पाकिटावर 'आयएस/आयएसओ १७०८८' छापलेलं असतं, ती कसोटीही कारखान्यातल्या खताला धरूनच आहे. हिरवं पान खरं होतं, फक्त ते आमच्या हौदासाठी नव्हतं. घरच्या खतात कुजणारी वस्तू हवी असेल तर उसाचा चोथा, सुपारीची विरी, पळसाची पत्रावळ. यांना पान छापावं लागत नाही.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं'. बरं.

तर मूळ विषय. खोक्यापासून सुरू करतो, कारण ते माझं. पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीनं चिकटवलेले असतात, त्यामुळे चिकटपट्टी आणि पिना काढल्या की खोकं घरच्या खतात बिनधास्त चालतं. तुमच्या खताला वास येतो, चिलटं होतात, तक्रार असते ना? ते ओलं फार झालेलं असतं. नत्राच्या एका भागाला कार्बनचे तीसेक भाग लागतात. भाजीची देठं आणि साली त्यात कमी पडतात, पुठ्ठ्यात कार्बन भरपूर. तळहाताएवढे तुकडे फाडून मिसळा. पण कोरडं, स्वच्छ खोकं खतात घालू नका, ते रद्दीत द्या, त्यातून पुन्हा खोकं होतं. खतात जाऊ दे ते पिझ्झाचं तेलकट, पावसात भिजलेलं. आणि रद्दीत देताना खोकं फाडू नका, घडी उलगडा. हेही फोडण्याचंच.

दुकानातली गुळगुळीत बिलं खतात नकोत, त्यावर रसायनाचा थर असतो. आत्ता तुम्ही चहा प्यायलात ते कागदी कप, त्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर आहे, म्हणून तेही नकोत. ज्यूसचा चौकोनी खोका पाऊणएक भाग कागद असतो, बाकी पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर. तो विसळून, चपटा करून वेगळा द्या. वेफर्सचं चकचकीत पाकीट म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर. ते सुटे करायला परवडत नाही म्हणून भंगारवाला हात लावत नाही; फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. निदान त्याची वरची पट्टी तोडून वेगळी टाकू नका.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाची पिशवी परत दिली तर पन्नास पैसे मिळायचे होते. मी नेमानं दहा पिशव्या घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं मला एक चॉकलेट दिलं. वेष्टनासकट.

आणि ज्यांच्यामुळे हे सगळं चालतं त्यांच्याबद्दल. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना झाली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. नावात तीन वस्तू आहेत, प्लास्टिक नाही. आज नाव ठेवायचं असतं तर पाटी दोन ओळींची झाली असती. त्या हातांनी वेचतात, म्हणून काचेचा तुकडा कागदात गुंडाळून वर तसं लिहा आणि डबा विसळून द्या. विसळायला नवं पाणी नको, भांडी घासलेलं शेवटचं पाणी पुरे.

दोन मिनिटं? तेवढ्यात हा गुच्छ. फुलं-पानं हौदात. रिबीन प्लास्टिकची आहे. गाठ सोडली, कापली नाही, तर पुढच्या वक्त्याला चालेल. बाहेरच्या कागदाला आपण सेलोफेन म्हणतो. खरं सेलोफेन लाकडाच्या लगद्याचं, ते कुजतं, पण हल्ली बाजारात असतं ते बहुतेक प्लास्टिकच, म्हणून सुक्यात. आणि आतला हा हिरवा स्पंज मातीसारखा दिसतो, बोटानं चुरला जातो, म्हणून माळीमामासुद्धा फसतात. तोही प्लास्टिकचाच, भुगा होतो पण कुजत नाही. हा सोडवूनच दाखवतो. कात्री कुणाकडे गेली?