बॅसचर्चच्या शेडमधली मुलं

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशायर हा परगणा. तिथल्या बॅसचर्च गावात १९०० साली ॲग्नेस हंट या परिचारिकेनं 'फ्लॉरेन्स हाउस' नावाच्या घरात दुखण्यातून उठणाऱ्यांसाठी विश्रांतिगृह काढलं. ती स्वतःही पायानं अधू. लहानपणी टाचेवर फोड आला, त्याचं विष रक्तात भिनलं आणि खुब्याचा सांधा कायमचा गेला.

लवकरच तिच्याकडे हाडांची दुखणी घेऊन मुलं येऊ लागली. कुणाच्या खुब्यात क्षय, कुणाच्या मणक्यात. बाधित गाईचं कच्चं दूध हे त्यामागचं एक मोठं कारण. कारखान्यांच्या शहरांत मुडदुसानं वाकलेले पायही नेहमीचेच. साध्या रुग्णालयांना ही मुलं परवडत नसत. एकेक खाट महिनोन्‌महिने अडकून राहायची ना!

बॅसचर्चला अडचण आली ती जिन्याची. प्लास्टरमधल्या मुलांना उचलून वरखाली करणं जमेना. मग बाहेर शेड बांधल्या, एका अंगानं सताड उघड्या. हिवाळ्यातही मुलं तिथंच झोपायची. 'मोकळ्या हवेतला उपचार' म्हणून पुढे ज्याचा गाजावाजा झाला, तो मुळात या जिन्यानं करायला लावला.

शस्त्रक्रियेसाठी लिव्हरपूलहून रॉबर्ट जोन्स येत. हाडांचं काम ते ह्यू ओवेन थॉमस या नातेवाइकाच्या घरी राहून शिकले होते. थॉमस पिढीजात हाडवैद्यांच्या घरातले, पण रीतसर डॉक्टर झालेले. त्यांच्या नेल्सन स्ट्रीटवरच्या दवाखान्यात रविवारी गोरगरिबांना फुकट तपासत. त्यांचं म्हणणं एकच: दुखऱ्या सांध्याला विश्रांती द्या, सक्तीची आणि न मोडणारी. क्षयावर औषध नव्हतंच. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. तोवर सांधा स्प्लिंटमध्ये, म्हणजे अवयव हलू न देणाऱ्या आधारात, जखडायचा, पोटभर खायला घालायचं आणि वाट बघायची. कधी कधी वर्षानुवर्षं.

पण खरी गोची व्हायची मूल घरी गेल्यावर. पट्टे सैल पडायचे, वाढत्या पायाला स्प्लिंट अपुरा पडायचा. आईबाप मजुरीवर, लांबच्या रुग्णालयात खेपा कोण घालणार? बरा होत आलेला पाय पुन्हा वाकायचा. म्हणून १९०७ पासून जवळपासच्या गावांत दवाखाने सुरू झाले. ठरल्या दिवशी तिथं परिचारिका मुलांना तपासायची, पट्टे नीट करायची, बिघडलेलं मूल वेळीच परत बोलवायची. शेडचे फोटो जास्त छापले जातात. आमच्या मते मोठं काम मात्र या दवाखान्यांचं.

पहिल्या महायुद्धात त्याच शेडमध्ये जखमी सैनिक आले. १९१९ साली जोन्स आणि ऑक्सफर्डचे सर्जन गर्डलस्टोन यांनी साऱ्या देशासाठी योजना मांडली: मध्ये एक मोकळ्या हवेचं रुग्णालय, भोवती त्याला जोडलेले दवाखाने. म्हणजे बॅसचर्चचाच नकाशा. पुढे स्थानिक प्रशासनंही अशा उपचारांचा खर्च उचलू लागली. १९२१ साली रुग्णालय ऑस्वेस्ट्रीजवळच्या जुन्या लष्करी इस्पितळात हललं. १९३३ साली जोन्स वारले आणि त्याच वर्षी रुग्णालयाला जोन्स आणि हंट या दोघांची नावं मिळाली. आधी सर्जनचं, मग परिचारिकेचं.