कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. मग तक्रार येते : वारं लागतं, पण अंग चिकचिकतं, डब्यातले बिबडे-पापड सादळतात. दोष बहुतेक वेळा कूलरचा नसतो, बंद खिडकीचा असतो.

कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी द्यायला हजार वॅटचा हीटर सुमारे 40 मिनिटं चालवावा लागेल. पण ती वाफ जाते कुठे? खिडक्या लावल्या तर खोलीतच राहते. कूलर तीच ओली हवा पुन्हा ओढतो. ओल्या हवेत पाणी नीट वाफ होत नाही, म्हणून गारवाही येत नाही. तेव्हा कूलर बाहेरची कोरडी हवा ओढेल असा खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. झळा आत येतील ही भीती नको, कारण कूलर आतली हवा बाहेर रेटत असतो.

बाहेर 43 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर 27 अंशांची हवा देतो. मृगाच्या सरी पडल्या की गणितच बदलतं. 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत तोच कूलर 30 अंशांच्या खाली जात नाही, आणि खोलीतली आर्द्रता मात्र 90 टक्क्यांच्या आसपास पोचते. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास सुटतो तो याच दिवसांत. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. घाम वाळायला वाहती हवा पुरते. आणि टाकी रिकामी करून घासून वाळवा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

एसीचं काम याच्या उलट. त्याच्या गार कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि नळीतून बाहेर ठिबकतं. तिथे खिडकी बंदच हवी, आणि त्याच खोलीत कूलर मुळीच नको.

आपली जुनी धाब्याची घरं हवेत थेंबभर पाणी न वाढवता गार राहायची, कारण मातीचं जाड छत ऊन आत पोचू देत नसे. स्लॅबच्या घरात निदान गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. छत कमी तापेल, आणि कूलरही कमी वेळ लावावा लागेल.