शिक्का, खिसा आणि खळ : शाळेच्या ग्रंथालयाचे सामान

(दृश्य : रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागा, पुढे शाळेचे आवार. कार्यालयालगतच्या खोलीत कुलूप लावलेले लोखंडी कपाट.)

शाळेत पुस्तके आहेत, पण ती कपाटाबाहेर येत नाहीत, ही तक्रार खानदेशात जुनी आहे. त्या कुलपाचा दोष आपण शिक्षकाच्या अनास्थेला देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात ग्रंथालयाचा कार्यभार बहुतेक ठिकाणी वर्ग सांभाळणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे दिलेला असतो. पुस्तक हरवले किंवा फाटले, तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यालाच द्यावे लागते आणि दाखवायला हाताशी कागद नसतो. मग कुलूप लावणेच सोयीचे ठरते. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5 हजारांपासून 20 हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते पुस्तकांवर खर्च व्हावे, हे योग्यच आहे. परंतु ती पुस्तके मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता यावीत, यासाठी लागणारे सामान सादिलातूनही, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतूनही, भागेल इतके स्वस्त असते.

(दृश्य : जाड पुठ्ठ्याची नोंदवही. पान उलटणारा हात.)

पहिली वस्तू म्हणजे दाखल नोंदवही. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक आणि शेवटी शेरा, असे तिचे रकाने असतात. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या, तर त्यांना पाच स्वतंत्र क्रमांक मिळतात, आणि पुस्तक बाद झाले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. देणगीतून आलेली पुस्तके बिल नसल्यामुळे अनेकदा नोंदीवाचून राहतात. त्यांच्यासमोर बिलाच्या रकान्यात ‘देणगी’ असे लिहून दात्याचे नाव नोंदवले की काम होते.

यानंतर शिक्का. शाळेच्या नावाचा शिक्का शीर्षकपानावर आणि पुस्तकाच्या अखेरीस तर मारतातच. शिवाय ग्रंथालयाने मनाशी ठरवलेल्या एका गुप्त पानावरही तो असतो. समजा ते 17 वे पान आहे. मग शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या 17 व्या पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक सापडतो, आणि पहिले पान फाडून टाकले तरी पुस्तकाची मालकी पुसली जात नाही. पातळ कागदावर शाई पसरते, म्हणून शिक्का मारल्यावर लगेच टीपकागद दाबावा. चित्रावर किंवा मजकुरावर शिक्का मारण्याची सवय मात्र सोडावी; ज्या मुलाला वाघाचे चित्र पाहायचे आहे, त्याला वाघाच्या कपाळावर शाळेचा पत्ता नको असतो.

(दृश्य : पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याची आतली बाजू, जवळून.)

येथे कागदी खिसा चिकटवलेला आहे. खिशात पुस्तकाचा क्रमांक आणि नाव लिहिलेले पुस्तकपत्र आहे, तर समोरच्या पानावर परतीची तारीख उमटवण्यासाठी तारीखपत्रक आहे. मुलाजवळ स्वतःच्या नावाचे, लहान लिफाफ्यासारखे वाचकपत्र असते. तो पुस्तक आणि वाचकपत्र पुढे करतो. शिक्षक पुस्तकातील पत्र काढून मुलाच्या लिफाफ्यात सरकवतात, तारीख उमटवतात आणि ती जोडी लाकडी ट्रेमध्ये त्या तारखेच्या मार्गदर्शक पट्टीमागे उभी ठेवतात. अमेरिकेतील नीना ब्राऊन यांनी 1895 मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यात सही नाही आणि रजिस्टरमधील लांब ओळही नाही, त्यामुळे भरलेल्या वर्गाची देवघेव एका तासिकेत उरकते. पुस्तक कोणाकडे आहे आणि ते कधी परत यायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ट्रेमध्येच मिळतात. देवघेवीचे काम आठवीच्या मुलांकडे सोपवावे. ती ते शिक्षकांपेक्षा काटेकोरपणे करतात, इतकेच नव्हे, तर उशिराबद्दल मित्रालाही सवलत देत नाहीत.

मांडणीसाठी ड्यूई यांची 1876 पासूनची, विषयानुसार पुस्तकांना वर्गांक देणारी दशांश पद्धत माध्यमिक शाळेला उपयोगी पडते. तिच्यात मराठी साहित्याचा वर्गांक 891.46 आहे. प्राथमिक शाळेत मात्र रंगीत पट्ट्या पुरतात. अहिराणी, भिली किंवा पावरी भाषेतील पुस्तकांना निराळा रंग द्यावा, म्हणजे पहिलीतील मूल घरच्या बोलीतील पुस्तक स्वतः उचलू शकते. बालपुस्तकांचे कणे फार अरुंद असल्यामुळे त्यांची चिठ्ठी कण्यावर लावता येत नाही. ती मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवावी.

अशी पातळ पुस्तके कपाटात उभी राहत नाहीत, ती वाकतात आणि एकमेकांच्या मागे दडतात. त्यांचे मुखपृष्ठ समोर दिसले पाहिजे. जळगाव हे पीव्हीसी पाइपांचे आणि प्लास्टिकच्या चटयांचे गाव आहे, आणि या दोन्ही वस्तू ग्रंथालयाच्या कामी येतात. 4 इंची पाइप उभा चिरला, त्याच्या कडा कानसने घासल्या आणि मुलांच्या छातीच्या उंचीवर तो भिंतीला आडवा ठोकला, की चित्रपुस्तकांची फळी तयार होते. खाली चटई अंथरली, की वाचनकक्षाचे निम्मे फर्निचर झाले. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडील पाड्यांवर, पत्र्याची पेटी, नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर ग्रंथालय मांडता येते. पेटीच्या झाकणाच्या आत पुस्तकांची यादी चिकटवलेली असावी.

(दृश्य : उन्हाळ्याची दुपार, पत्र्याचे छप्पर. नंतर जूनमधील पहिला पाऊस.)

येथील हवा पुस्तकांवर दुहेरी मारा करते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा शाळा बंद असते, आणि पत्र्याखालच्या बंद खोलीत पुस्तकांच्या कण्यातील गोंद सुकून तडकतो. पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते आणि तिच्याबरोबर बुरशी, कसर आणि वाळवी. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, त्याचे पाय विटांवर घ्यावेत आणि पुस्तके कोंबून भरू नयेत. डांबराच्या गोळ्या मुलांच्या खोलीत वापरू नयेत, कारण त्यांची वाफ श्वासाला घातक असते. कडुनिंबाच्या सुक्या पाल्याची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबून झाडलोट टाळू नये.

दुरुस्तीच्या पेटीत काय असू नये, हे आधी सांगितले पाहिजे. सेलोटेप असू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि पट्टी गळून गेल्यावर डाग तेवढा राहतो. पेटीत पांढरा डिंक, पातळ टिश्यू कागद, कापडी पट्टी, दाभण, जाड दोरा, कात्री आणि विणकामाची एक सुई असावी. कणा सैल झालेल्या पुस्तकात ती सुई डिंकात बुडवून कणा आणि पुठ्ठा यांच्यामधील फटीत वरून खालपर्यंत फिरवतात, सांध्याला प्लास्टिकचा कागद लावतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटांखाली पुस्तक रात्रभर दाबून ठेवतात. घरची खळ स्वस्त पडते. मात्र पिठावर कसर येते म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद विषारी असल्यामुळे ते काम मुलांकडून करून घेऊ नये.

संगणक असल्यास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय किंवा विनामूल्य मिळणारे कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरता येते. वीज केव्हाही जाते, म्हणून वही चालू ठेवावी.

अमळनेरच्या शाळेत शिकवताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले होते. आजही अनेक शाळांत हस्तलिखित अंक निघतात, स्नेहसंमेलनात त्यांचे प्रकाशन होते आणि पुढे ते कोणाच्या तरी टेबलाच्या खणात जातात. त्यांनाही दाखल क्रमांक द्यावा आणि पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावे.

(दृश्य : एप्रिल महिना. वहीतील क्रमांक वाचणारी मुलगी, कपाटापाशी पुस्तके शोधणारा मुलगा.)

सुट्टी लागण्यापूर्वी वर्षातून एकदा साठा मोजला जातो. जे पुस्तक सापडत नाही, त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ’ आणि जे वाचून वाचून दुरुस्तीपलीकडे गेले, त्याच्यापुढे ‘जीर्ण’ असे पेन्सिलीने लिहितात. या पुस्तकांची यादी मुख्याध्यापकांमार्फत शाळा व्यवस्थापन समितीपुढे जाते आणि निर्लेखनास, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्यास, मान्यता मिळाल्यावर ठरावाचा क्रमांक व दिनांक शाईने नोंदवला जातो. ठरावाची प्रत नोंदवहीच्या शेवटच्या पुठ्ठ्याला जोडलेल्या पाकिटात ठेवावी, म्हणजे कार्यभार बदलला तरी नव्या शिक्षकाला ती वहीबरोबरच मिळते.